पडसाद आणि प्रतिसाद

भिलाई-३

चि. मनू,


तुझं पत्र मिळालं. भाषांतराला घेतलेल्या हिंदी कथेत ‘गूँज’ हा शब्द आलाय आणि तुला त्याला मराठी प्रतिशब्द हवाय. उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण तुझ्या प्रश्नातच एक जुनं नातं दडलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

संस्कृतात शब्द म्हणजे ध्वनीसुद्धा. त्यामुळे ‘प्रतिशब्द’ म्हणजे कड्यावर आपटून परत आलेला आवाज. प्राकृतात त्याचं ‘पडिसद्द’ झालं आणि मराठीत ‘पडसाद’. प्रतिपदेचा पाडवा झाला, प्रतिच्छायेची पडछाया झाली, तीच ही वाट. आज मात्र प्रतिशब्द म्हटलं की आपल्याला समानार्थी शब्दच आठवतो. म्हणजे गूँजला प्रतिशब्द मागताना तू नकळत पडसादच मागितलास!

तरी सगळीकडे ‘पडसाद’ लिहू नकोस. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मूळ आवाज आणि परतलेला आवाज कानाला वेगळे कळायला सेकंदाचा दहावा भाग तरी मध्ये जावा लागतो. म्हणून भिंत निदान १७ मीटर लांब हवी. तेवढं अंतर असेल तर हाक परत येते, तो पडसाद, पाठ्यपुस्तकातला प्रतिध्वनी. अंतर कमी असेल तर आवाज आवाजात मिसळतो आणि गाभारा भरून जातो. तिथे आपण म्हणतो, घंटा घुमली. हिंदीची गूँज ही दोन्ही कामं एकटी करते. आपल्याकडे तिची बहीण ‘गुंजन’ भुंग्यापाशीच राहिली. तेव्हा कथेतला आवाज परत येतोय की भरून राहतोय, ते आधी ऐक.

आणखी एक. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत एखादा मुद्दा सदनात ‘गूँजता है’. मराठीत त्याचे पडसाद ‘उमटतात’. उमटणं हे पावलाचं, ठशाचं क्रियापद. आवाज विरून गेला तरी त्याची खूण मागे राहते, हे आपल्या भाषेनं एका क्रियापदात सांगून टाकलंय. मला वाईट एवढंच वाटतं की हा शब्द आता ‘तीव्र पडसाद’ होऊन बातम्यांतच अडकलाय. दरीच्या काठावर उभं राहून स्वतःचंच नाव पुकारणाऱ्या पोराच्या तोंडी तो पुन्हा यायला हवा.

याच घरातला तिसरा शब्द ‘प्रतिसाद’. डोकं संस्कृत, धड मराठी. कडा पडसाद देतो, माणूस प्रतिसाद देतो. कडा आपलंच आपल्याला परत करतो, तेही थोडं क्षीण करून. माणूस त्यात स्वतःचं काही घालतो. भाषांतर करणाऱ्यानं हा फरक मनात कोरून ठेवावा. आमच्या छत्तीसगडचे माधवराव सप्रे आठव. मराठी घरातल्या या माणसानं १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं आणि पुढे दासबोध व टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. त्यांच्या कामाला मी प्रतिसादच म्हणेन.

रात्री इथल्या चरोद्याच्या रेल्वे यार्डातून मालगाडी निघते. इंजिन ओढ घेतं आणि खण्‌-खण्‌ करत आवाज शेवटच्या डब्यापर्यंत धावत जातो. लहानपणी तुला तो प्रतिध्वनी वाटायचा. तसा तो नाही गं. डब्यांच्या जोडणीत थोडी ढील असते. ओढ पोचली की प्रत्येक जोडणी ताणली जाते आणि आपापल्या जागी वाजते. शेवटचा आवाज हा शेवटच्या डब्याचा स्वतःचाच असतो.

त्या डब्यांना आपण काय म्हणतो? वाघिणी. ‘वॅगन’ मराठी कानावर पडली आणि मराठी जिभेनं तिची वाघीण केली. नुसता पडसाद असता तर वॅगनच परत आली असती.

तुझ्या वाक्यात असं स्वतःचं वाजणारं जे येईल, तेच लिही. कथा झाली की पाठव. मी मोठ्यानं वाचेन.

तुझी,
आत्या