पहिल्या बायकोचं काय झालं?

‘तुला पाहते रे’वरून आमच्या घरात जेवढा वाद झाला, तेवढा निवडणुकीवरूनही होत नाही. ऑगस्ट 2018 ते जुलै 2019, धड वर्षभरही न चाललेली झी मराठीची ही मालिका. चाळिशी ओलांडलेला उद्योगपती विक्रांत सरंजामे आणि चाळीत राहणारी विशीतली ईशा निमकर. सुरुवातीला सगळी चर्चा वयातल्या अंतराचीच. दोघांचं लग्न झालं आणि मालिकेनं कूस बदलली. विक्रांतची पहिली बायको राजनंदिनी मेली कशी? उत्तर असं, की विक्रांत मुळात गजा पाटील, इस्टेटीसाठी त्यानंच तिचा जीव घेतला. आणि ईशा म्हणजे राजनंदिनीचा पुनर्जन्म!

आई भडकली. बालगंधर्व आणि लोकमान्य साकारलेल्या सुबोध भावेंना खुनी दाखवतात म्हणजे काय! मुलाला मात्र तिथूनच मालिका आवडायला लागली. नायक खुनी निघाला यात मला फसवणूक वाटली नाही. रहस्यकथेत तसं व्हायचंच. मला खटकला तो पुनर्जन्म. नव्यानं घरात आलेल्या मुलीनं शंका घ्यावी, विचारावं, घाबरावं, पुरावा शोधावा, ही सारी मेहनत पुनर्जन्मानं वाचवली. तिला आपलं आठवलं, झालं!

सप्टेंबर 2019मध्ये हीच कथा झी कन्नडवर ‘जोतेजोतेयली’ या नावानं सुरू झाली. नायक आर्यवर्धन झाले अनिरुद्ध, म्हणजे विष्णुवर्धन यांचे जावई, नायिका मेघा शेट्टी. माझी पत्नी धारवाडची. तिची दोड्डव्वा त्या दिवाळीनंतर गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर आमच्याकडे राहिली. तिला मराठी समजतं, पण मालिका कन्नडच हवी. आमच्या घरात टीव्ही एकच. त्यामुळे शेवट ठाऊक असलेली आई आणि काहीच ठाऊक नसलेली दोड्डव्वा रोज शेजारी बसू लागल्या.

“अक्कारे, मुंद एनागतैत्री?” दोड्डव्वा रोज विचारायची.

“नोडरी, नोडरी,” आई म्हणायची. खरं तर आईच्या पोटात काही राहत नाही. वाढदिवसाच्या भेटवस्तू आम्ही तिच्यापासून लपवून ठेवतो.

एकदा जाहिराती लागल्या तेव्हा दोड्डव्वा आपणहून बोलू लागली. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न बिजवराशी झालं, तो अठरा वर्षांनी मोठा. सोप्यात पहिलीचा हार घातलेला फोटो होता. ती कशानं गेली, हे सासरच्या कुणी सांगितलं नाही. शेजारणी पाण्याला आल्या की गप्प व्हायच्या. नवरा वागायला चांगला होता, हे तिनं दोनदा सांगितलं. तरीही पहिली दोन वर्षं तिनं त्याच्या हातचं दूध आधी मांजरीला घालून मगच प्यायलं. “केळलेइल्ल,” ती म्हणाली. विचारलंच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही. काकाही गेले, आता विचारायचं कुणाला?

जाहिराती संपल्या. आईनं आवाज वाढवला नाही.

मालिकेच्या लेखकाला सापडलेला प्रश्न खरा होता, असं मला त्या रात्री वाटलं. अशी घरं बेळगावात आहेत, धारवाडात आहेत. त्यावर पुनर्जन्माचं उत्तर म्हणजे पळवाट, हे माझं मत मात्र आणखी पक्कं झालं.

कन्नड मालिका पुढं आपल्या वाटेनं गेली. 2022मध्ये अनिरुद्ध बाहेर पडले तेव्हा प्रेक्षकांत पुन्हा दोन तट पडले. 2023मध्ये ती संपली. दोड्डव्वा धारवाडला परतल्यावरही दर रविवारी आईला फोन करायची आणि मालिकेबद्दल विचारायची. मराठीत काय झालं ते आईनं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.