खर्जाची तार आणि बारा फुटांचा हॉल

चारठाण्यातलं आमचं घर अर्धं माळवदाचं, अर्धं स्लॅबचं. पुतण्याने यंदा कापसाच्या पैशांतले साठ हजार बाजूला काढले आणि मला फोन केला, "काका, जमिनीवर उभे राहतेत तसले स्पीकर घ्यायचेत. कोणते घ्यावे?" मी विचारलं, ठेवणार कुठं? "कुठं म्हणजे? नव्या हॉलमधी." निम्मे पैसे माझ्या मते तिथेच बुडाले.

नवा हॉल बारा बाय दहाचा. खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना गुळगुळीत पुट्टी, समोर काचेचं शोकेस, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मधोमध उभं राहून टाळी वाजवा, ती भिंतीभिंतींतून किती तरी वेळ फडफडत राहते. टीव्हीवरचा बातम्या देणारासुद्धा त्या हॉलमध्ये पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. आता ढेळज ओलांडून मागच्या दोन खणांच्या खोलीत या. हात-दीड हात जाड मातीच्या भिंती, सागाचे सर, त्यांवर किलचा, पाला आणि पांढऱ्या मातीचा थर. भिंतीत कोनाडे आणि देवळ्या, खुंट्यांवर कपडे, कोपऱ्यात गाद्या-गोधड्यांची चळत. इथे टाळी वाजते आणि संपते. शहरातले शौकीन अशी खोली मिळावी म्हणून भिंतींना फोमचे चौकोन चिकटवतात, आवाज विखरावा म्हणून खाचाखाचांच्या लाकडी फळ्या हजारो रुपये देऊन आणतात. कोनाडा हेच काम फुकट करतो. शिवाय जड भिंत थरथरत नाही, त्यामुळे गाण्यात स्वतःचा सूर घालत नाही.

हे काही मी माळवदाच्या आठवणीने गहिवरून सांगत नाही. पावसाळ्यात ते गळतं, दरवर्षी वर माती टाकावी लागते, आणि टाकणारी माणसं आता मिळत नाहीत. मी फक्त हिशोब सांगतो आहे.

हिशोब खर्जाच्या तारेपासून सुरू करावा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर तो साधारण १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. आपल्या बैठकीच्या गाण्यात याच्या खाली फारसं काही घडत नाही. पुतण्याला आवडलेले स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत उतरतात असं माहितीपत्रकात छापलं आहे आणि किमतीतला बराच भाग त्या उतरण्याचाच आहे. पण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, त्या मापाने बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो आणि दहा फुटांमध्ये ५६ चा. कोपऱ्यात तो सूर मुळाहून कितीतरी मोठा ऐकू येतो, तर खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. जास्तीचे पैसे देऊन आणलेला खर्ज असा भिंतींच्या ताब्यात जातो. डग्ग्याचा घुमारा एका खुर्चीवर गुबगुबीत, शेजारच्या खुर्चीवर पोकळ. मागच्या खोलीचं गणितही याहून वेगळं नाही, पण तिला दोन दारं आहेत आणि ती ओसरीवर उघडतात. खर्जाला बाहेर पडायला वाट मिळते.

मग उभे स्पीकर घ्यावेतच कशाला? टेबलावर मावणारी छोटी जोडी का नको? इथे मात्र मी पुतण्याच्या बाजूचा. छोटी पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एका डब्यात राहत नाहीत, एकीला घराबाहेर काढावंच लागतं. हा नियम मांडणाऱ्या हॉफमनचं नाव १९५७ साली अमेरिकेत निघालेल्या केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' होऊन बसलं आहे. उभ्या पेटीत हवा जास्त, म्हणून ती कमी धापा टाकते. आणि आमच्याकडे याला एक गावरान कारण आहे. संध्याकाळी सगळ्या घरांचे दिवे, पंखे, मिक्सर एकदम सुरू झाले की व्होल्टेज असं बसतं की ट्यूब नुसती मिचमिचते. अशा वेळी कमी वॅटमध्ये भागणारा स्पीकर हवा. त्यासाठी माहितीपत्रकातला एकच आकडा नीट वाचावा, तो म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ८६ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला चाळीस वॅट लागतात, तोच ८९ चा स्पीकर वीस वॅटमध्ये काढतो. डेकच्या जमान्यात खोक्यावर हजार-हजार वॅट 'पीएमपीओ' छापून आपल्याला वेड्यात काढलं गेलं. ते आकडे खोक्याच्या शोभेसाठी होते.

वजनाचंही असंच. स्वस्त उभा स्पीकर पातळ लाकडाचा असतो आणि त्याची उंच बाजू स्वतःच वाजू लागते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावं. 'टक' आवाज चांगला. 'ढब' आला की पुढच्या जोडीकडे जावं. १९३२ साली यॉर्कशायरमध्ये व्हार्फडेल कंपनी सुरू करणाऱ्या गिल्बर्ट ब्रिग्जला याच ढबेने छळलं होतं. त्याने प्लायवूडच्या दोन फळ्यांच्या मध्ये कोरडी वाळू भरली आणि थरथर मारली. विटांच्या कोपऱ्यातही त्याने स्पीकर बसवून पाहिले. पुढे १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने मंचावरचे वादक आणि त्यांचंच ध्वनिमुद्रण आळीपाळीने लोकांना ऐकवलं. फरक ओळखा, असं आव्हान होतं. जाड, जड आणि निश्चल भिंतीच्या शोधात हा माणूस आयुष्यभर फिरला. आमच्या मागच्या खोलीत त्याला आवडलं असतं. काही उभ्या स्पीकरांच्या तळाशी आजही वाळू भरायला कप्पा असतो. वाळूचा भाव पाहता पुतण्याला तो खर्च वेगळा धरावा लागेल, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.

जुनी जोडी घ्यावी का, असंही त्याने विचारलं. सोनोडाईन, कॉस्मिक ही नावं आमच्या पिढीला माहेरची. जरूर घ्यावी, पण आधी कोनाच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबावी. रबराची असेल तर बहुधा टिकलेली असते. फोमची असेल तर आपल्या उन्हाळ्यांनी तिचा भुगा केलेला असतो आणि विकणारा तो जाळीआड लपवतो.

दुकानात ऐकण्याबद्दल माझं मत कडवट आहे. तिथली खोली दुकानाची, गाणं दुकानदाराचं आणि आवाजाचं बटणही त्याच्याच हातात. जी जोडी विकायची ती नकळत किंचित मोठी वाजवली तरी पुरतं. कानाला मोठं ते गोड वाटतं. म्हणून आवाज समान करून मागावा आणि आपलं ध्वनिमुद्रण सोबत न्यावं. किशोरीताई, भीमसेनजी नेले तरी चालतील, पण ते मुद्रणाच्या वेळी खोलीत कसे वाटत होते हे आपल्याला कुठे ठाऊक? बीबीसीचे अभियंते स्पीकर पारखताना माणसाचं नुसतं बोलणं वापरत. जिवंत माणूस शेजारी बोलायचा आणि त्याचा मुद्रित आवाज स्पीकरमधून यायचा. पुतण्याला मी सांगितलं, आईचा आवाज मोबाईलवर घे, अंगणात, जवळून. ती भाजीवाल्याशी भांडताना मिळाला तर उत्तम. स्पीकरने त्या आवाजाची नाकातली धार गोड केली, तर समजावं की तो उद्या पखवाजाची शाईसुद्धा गोड करून टाकणार.

शेवटी साठ हजारांची वाटणी आम्ही अशी केली: तीस-पस्तीसची जोडी, अॅम्प्लिफायर, एक स्टॅबिलायझर आणि उरतील त्या पैशांत मागच्या माळवदावर माती. दादाला वाटलं, स्पीकरच्या नावाखाली मी घराची डागडुजी काढून घेतली. ते अगदीच खोटं नाही. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढायचे म्हटल्यावर वहिनी मध्ये पडल्या, "भावजी, मंग खाट कुठं टाकू? अन् हे मधी उभे राहणार असतील तर ह्यांच्या डोक्यावर लोणच्याची बरणी तरी ठेवू द्या." पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. बरणी भरलेली असेल तर माझी हरकत नव्हती. रिकामी मात्र वाजते.