स्नेहलतागंज ते महेश्वर, आणि परतीचा हिशेब

इंदूर शहरात केवळ वस्त्यांची नावे वाचीत हिंडले, तरी होळकरशाहीचा निम्मा इतिहास हाती लागतो. मल्हारगंज, तुकोगंज, मनोरमागंज आणि आमचे स्नेहलतागंज. पहिल्या दोन नावांत राजे आहेत, पुढील दोहोंत राजघराण्यातील कन्या. चिमणबागेचे मैदान, राजकुमार पूल आणि रेल्वेचे रूळ यांच्या सान्निध्यात ही वस्ती वसली आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबारास जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यात जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्याचा विरोध होता. पुढे काळानेच ते पाडण्याचे काम हळूहळू हाती घेतले, ही गोष्ट निराळी. ओसरीच्या घरांच्या जागी आता दवाखाने, शिकवण्यांचे वर्ग आणि मोटारी भाड्याने देणाऱ्यांच्या कचेऱ्या आल्या आहेत.

या शेवटच्या प्रकाराशी आमचा संबंध गेल्या श्रावणात आला. बडोद्याहून आत्याबाई आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. महेश्वरी जाऊन अहिल्याबाईंच्या गादीपुढे एकदा डोके टेकवावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. एस्. टी. त्यांना झेपणारी नव्हती आणि आमचा भाचा मोटार उत्तम चालवितो. तेव्हा चालकाशिवाय मिळणारी मोटार दोन दिवसांसाठी घ्यावी असे ठरले. अनामत रक्कम ५,००० रुपये, भाडे वेगळे. मोटार घरपोच न आणता पुलाच्या उतारावर उभी करून तेथेच ताब्यात देण्यात आली.

पूर्वी टांगा ठरविताना चढण्यापूर्वी घासाघीस होई आणि उतरल्यावर दोन्ही पक्ष मोकळे होत. या नव्या व्यवहारात घासाघीस नाही. किंमत आधीच ठरलेली. खरा व्यवहार उतरल्यावर सुरू होतो. शाळेत नव्या जागी रुजू होताना बाके, नकाशे, फुटकी घंटा, सारे मोजून, सही करून ताब्यात घेण्याची आम्हांस तीस वर्षांची सवय. तीच आम्ही येथेही चालविली. मोटार पावसाने भिजलेली, चिखलाने माखलेली होती. चिखलाखाली काय आहे हे कळावे कसे? समोरच्या चहाच्या टपरीवरून बादलीभर पाणी मागून आम्ही पुढचा-मागचा बंपर धुऊन काढला. जाणारे-येणारे हसले. पण पुढच्या बंपरच्या खालच्या काठाला, वाकल्याखेरीज दिसणार नाही अशा जागी, वीतभर घासलेले आढळले. भाच्याने त्याची छायाचित्रे घेतली. अंतराचा आणि पेट्रोलचा आकडा दाखविणाऱ्या तबकडीचेही एक घेतले. मोटार देणाऱ्या मुलाने कागदावर ‘किरकोळ ओरखडे’ एवढेच लिहिले. आम्ही त्यापुढे जागा लिहावयास लावली.

महूवरून जाणारी वाट आम्ही मुद्दाम निवडली. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधविलेला जाम दरवाजा या वाटेवर आहे. माळव्याचे पठार येथे संपते. दरवाज्याखाली उभे राहिले की पाठीशी काळ्या मातीचा सपाट माळवा आणि पायांखाली एकाएकी खोल उतरणारे निमाड. त्या दिवशी निमाड दिसलेच नाही. दरीत ढग साठले होते आणि ते दरवाज्याच्या कमानीतून धुरासारखे आत येत होते. आत्याबाईंनी मोटारीची काच खाली करून हात बाहेर काढला आणि ढगात ओला होऊ दिला. भाचा हा घाट दुसऱ्या गिअरमध्ये इतक्या जपून उतरला की मागच्या ट्रकवाल्याचा धीर सुटला.

मंडलेश्वर ओलांडून महेश्वरी पोहोचेतो दुपार झाली. १७६७ पासून १७९५ मध्ये देहावसान होईपर्यंत अठ्ठावीस वर्षे येथून राज्य चालले, यावर वाड्यातील ती साधी बैठक पाहून विश्वास बसत नाही. सिंहासन नाही, छत्रचामरे नाहीत. मराठी माणूस उत्तरेत आला तो तलवार घेऊन, असे आपण पुस्तकांतून शिकवितो. येथे मात्र तो गादीवर बसून दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकत होता, हेही शिकवावयास हवे असे आम्हांस वाटून गेले. मातीची लहान लिंगे रोज करून, पूजून, नर्मदेत विसर्जित करण्याची प्रथा अद्याप चालू आहे. आत्याबाईंनी गादीपुढे डोके टेकविले आणि बराच वेळ उचलले नाही. नर्मदा तांबडी, दुथडी भरलेली होती. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. संध्याकाळी मागांचा खडखडाट ऐकत गल्लीतून फिरलो. महेश्वरी लुगड्यांचा हा धंदा मोडीत निघाला असता. १९७८ साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा संस्था स्थापिली आणि विणकर स्त्रियांच्या हाती पुन्हा माग आला.

दुसऱ्या दिवशी धामनोद येथे दहा लिटर पेट्रोल भरून मांडूस गेलो. मांडूविषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही भर घालीत नाही, फक्त खुरासानी चिंचेची ती फुगीर बुंध्याची झाडे पाहावी, त्यांना पाहून आत्याबाई म्हणाल्या, “ही झाडे जेवून बसल्यासारखी दिसतात.” धारेवरून परत फिरलो. इंदुरात शिरल्यावर आणखी आठ लिटर भरले, दोन्ही पावत्या खिशात ठेवल्या. एकंदर प्रवास २६२ किलोमीटर.

आणि मग हिशेब आला. मोटार परत देताना ती सपाट जागी, कचेरीपुढे उभी केली होती. त्या मुलाने भोवती एक फेरी मारली, वाकून पाहिले आणि आकडा सांगितला : बंपरचे ६,५०० रुपये, दहा लिटर पेट्रोलचे १,०७० आणि ते भरण्याच्या श्रमाचे ५००. एकूण ८,०७०. अनामत सारी गेलीच, वर ३,०७० रुपये आम्ही द्यावयाचे! “सर, कंपनी का नियम है,” एवढेच तो म्हणाला. नियम कोठे लिहिला आहे असे विचारता त्याने मोबाइलवर इतक्या बारीक अक्षरांतील करार दाखविला की आत्याबाईंचे भिंगही तेथे हतबल झाले असते.

बंपरचा प्रश्न छायाचित्रांनी सोडविला, निदान आमच्यापुरता. पेट्रोलचे कोडे मात्र खरोखरच मनोरंजक होते. मोटार घेतली तेव्हा तबकडीवर आठांपैकी सहा रेघा होत्या, आता पाचच. आम्ही तर लिटरमागे सोळा किलोमीटर धरले तरी साडेसोळा लिटर जाळून अठरा भरले होते. मग रेघ गेली कोठे? भाच्याच्या लक्षात आले. टाकीतील इंधन मोजणारा तरंगता गोळा मोटार तिरकी असली की इंधनाबरोबर सरकतो. चढ-उतारावर आकडा बदलतो हे मोटारीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकांतही छापलेले असते. “चला, जिथे घेतली तिथे नेऊ,” तो म्हणाला. मोटार पुन्हा पुलाच्या उतारावर, त्याच दिशेला तोंड करून उभी केली. पाच मिनिटे थांबलो. सहावी रेघ उजळली. मुलाने छायाचित्र घेतले, पण चेहरा उतरला. हळूच म्हणाला की रक्कम वसूल झाली नाही तर ती त्याच्या पगारातून जाईल.

येथे आम्ही क्षणभर थबकलो, हे खरे. पाच-सात हजारांनी आमचे घर बुडत नव्हते आणि त्या मुलाचा बहुधा अर्धा पगार जात होता. परंतु आम्ही पैसे देऊन त्याची सुटका झाली असती ती फार तर त्या दिवसापुरती. पुढचा गिऱ्हाईक आला की पुन्हा तोच खेळ. आम्ही त्याच्या कागदावर ‘मान्य नाही’ असे लिहून सही केली, त्याची प्रत मोबाइलवर घेतली आणि घरी येऊन पत्र लिहावयास बसलो.

कायद्याची पुस्तके उघडली तेव्हा कळले की आपल्या बाजूस बरेच काही आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने आपली स्वतःची वस्तू सुज्ञ माणूस जपेल तेवढी ती जपावी, एवढेच अपेक्षित आहे. आणि करारात दंडाची रक्कम आधी लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देववते, लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा प्रथमच आणली; अवास्तव अनामत आणि नुकसानीशी प्रमाण नसलेला दंड तीत येतात. शिवाय ग्राहकास आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. बडोद्याच्या वाचकाने इंदुरात मोटार घेतली तरी तक्रार बडोद्यात चालते. मुदत दोन वर्षे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तत्पूर्वी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्रास कळविता येते.

आणखी एक गोष्ट वाचकांनी मोटार घेतानाच पाहावी : पाटी. स्वतः चालवावयास भाड्याने देण्याच्या मोटारीस काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असावी लागतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार कोणी भाड्याने देऊ करील तर स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. खासगी वापराच्या विम्यात भाड्याने देण्यास साधारणतः संरक्षण नसते, आणि घाटात काही घडले तर बंपरची नव्हे, माणसांची भरपाई अडते.

पत्रात आम्ही छायाचित्रे, पावत्या, सहा रेघांचे ते दुसरे चित्र जोडले. ग्राहक आयोगाचा उल्लेख एका ओळीत केला. शेवटी आणखी एक वाक्य घातले : यांतील कोणतीही रक्कम आपल्या नोकराच्या वेतनातून वसूल करू नये, त्याने त्याचे काम आम्हांदेखत चोख केले आहे. घरातील मंडळींना हे वाक्य अनावश्यक वाटले. आत्याबाईंनी ते दोनदा वाचवून घेतले.

अकराव्या दिवशी बँकेत ४,५०० रुपये जमा झाले. बंपर गेला, पेट्रोल गेले. भरण्याच्या श्रमाचे ५०० रुपये मात्र राहिले. जे पेट्रोल भरावेच लागले नाही, ते भरण्याचे श्रम कोणी केले असावेत, एवढीच पृच्छा करणारे दुसरे पत्र आम्ही धाडले आहे. त्या मुलाला पुलाजवळ परवा पाहिले. दुसऱ्या कोणाची तरी मोटार तो पुसत होता, आणि ती सपाट जागी उभी होती.