गोष्टीतला 'मी'

परवा कपाट आवरताना रवींद्रनाथ ठाकुरांची 'काबुलीवाला' पुन्हा हाती लागली. १८९२ सालची कथा. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच बसून वाचून काढली.

शाळेत वाचली तेव्हा मी मिनीच्या बाजूचा होतो. पुढे १९६१चा हिंदी सिनेमा पाहिला आणि बलराज साहनींचा रहमत मनात घर करून बसला. पण ही गोष्ट सांगतंय कोण, याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. सांगतोय मिनीचा बाप!

माणूस भला आहे. पण रहमत तुरुंगात गेल्यावर आपण त्याला साफ विसरलो, हे तो स्वतःच सांगतो. लेकीच्या लग्नाच्या दिवशीच रहमत सुटून दारात येतो, तर कार्याची सबब सांगून त्याला वाटेला लावतो. तेही सांगतो. मग रहमत मागे फिरतो, आणलेला खाऊ मिनीसाठी देतो, पैसे नाकारतो आणि जपून ठेवलेला एक मळका कागद उलगडतो. त्यावर त्याच्या लेकीच्या हाताचा काजळीचा ठसा! तोही बाप, मीही बाप, हे त्या 'मी'ला तेव्हा कळतं. लग्नातली रोषणाई नि बँड कमी करून तो रहमतला गावी जायला पैसे देतो.

मला वाटतं, हा 'मी' पैसे देतो म्हणून मोठा होत नाही. आधी कसा वागलो ते सांगताना तो स्वतःची वकिली करत नाही, म्हणून मोठा वाटतो. तेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर ती चहाडी झाली असती.

आता माझी गोष्ट. मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला. "कामात आहे, नंतर करतो," म्हणालो आणि तीन दिवस केलाच नाही. बायकोला सांगताना मात्र माझी बाजू तयार: केवढं काम होतं, बाबा नेमके नको त्या वेळी फोन करतात वगैरे. गोष्टीतला 'मी' अगदी धुतल्या तांदळासारखा! नंतर आईकडून कळलं, त्यांना फक्त नातीचा आवाज ऐकायचा होता.

असो. आत्या, हे बाबांना वाचून दाखवू नकोस हं. रविवारी लेकीला घेऊन घरी जातोय. मीच सांगेन.