उंबरठ्यावरून धावताना

जून २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' सर्वेक्षणाचे निष्कर्ष 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा तो अंदाज. मी तो वाचला आणि विसरलो. दोन महिन्यांनी माझाच अहवाल हाती आला : एचबीए१सी ६.१. मधुमेहपूर्व अवस्थेची मर्यादा ५.७ ते ६.४. वय सदतीस. याच आजारापायी बाबांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती.

नोकरीनिमित्त मी बंगळूरला राहतो. लालबाग जवळच आहे. पहिल्या पहाटे दोन मिनिटांतच धाप लागली आणि तिथल्या सुमारे ३०० कोटी वर्षांच्या खडकावर मी बसून राहिलो. त्या खडकाच्या मानाने आपली घाई फारच हास्यास्पद, पण हे शहाणपण मला उशिरा सुचले. तिसऱ्या आठवड्यात दम पुरू लागला, म्हणून वेग वाढवला आणि नडगी ठणकू लागली. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत नव्या श्रमांशी जुळवून घेतात. अस्थी आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. नवखा धावक फसतो तो नेमका या अंतरात. पंधरा दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर मी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा क्रम धरला. वेग एवढाच की शेजारच्याशी बोलता यावे.

एवढ्याशा धावण्याने काय साधते? स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आवरणाशी येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत घेतात. ज्याचे शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्याच्यासाठी हा जणू मागचा दरवाजा. अमेरिकेतील सुमारे ५५,००० प्रौढांच्या २०१४ मधील अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. अर्थात तो निरीक्षणात्मक अभ्यास; धावणारे मुळातच अधिक निरोगी असू शकतात.

मनाचे म्हणाल तर, एंडॉर्फिनची लोकप्रिय कथा आता डळमळीत झाली आहे. २०२१ च्या एका जर्मन प्रयोगात एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊनही धावल्यानंतरचा उल्हास टिकला आणि चिंताही उतरली. संशय आता शरीरात तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांवर आहे. मला मात्र तो उल्हास कधी लाभला नाही, हे कबूल करतो. झोप लाभली. रात्री दोन वाजता छताकडे पाहत बाबांचा पाय आठवणे थांबले.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आले. म्हणजे उंबरठा अद्याप ओलांडलेला नाही. शिवाय भातही कमी केला होता, त्यामुळे सारे श्रेय धावण्याला देता येत नाही.

बाबा साताऱ्याला असतात. रविवारी फोनवर ते माझी साखर विचारत नाहीत, "आज किती मिनिटं?" एवढेच विचारतात. गेल्या खेपेस मी म्हणालो, "बावीस."

"मी अंगणात पंधरा फेऱ्या मारल्या," ते म्हणाले. "ती मऊ तळाची चप्पल घालून. आईला विचार हवं तर."