हायडेलबर्गला जाऊन आलीस, पण…

प्रिय सुलू,

तुझे हायडेलबर्गचे फोटो मिळाले. किल्ला झाला, जुना पूल झाला, नेकार नदीकाठची कॉफी झाली, केक तर सगळ्या बाजूंनी दिसला. पण बयो, तू सांगली जिल्ह्याची सून! त्या गावात जाऊन मुरलीकांत पेटकरांची साधी आठवणही न काढता परत येतेस म्हणजे काय?

आठवतंय ना, ‘चंदू चॅम्पियन’? कार्तिक आर्यनचा, २०२४ मधला. तो सिनेमा ज्यांच्यावर आहे ते पेटकर, पेठ-इस्लामपूरकडचे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये याच हायडेलबर्गमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. कमरेखालचं शरीर लुळं पडलेलं असताना, निव्वळ हातांच्या जोरावर. मी दोन्ही पाय झाडत पोहते तरी तेवढ्या वेळात तलावाच्या निम्म्यावरही पोचत नाही. (हसू नकोस, तू तर पाण्यात उतरतही नाहीस.)

हे खेळ म्युनिकला का झाले नाहीत, ठाऊक आहे? त्या वर्षीचं ऑलिम्पिक म्युनिकला होतं. पण तिथल्या क्रीडाग्रामातल्या खोल्या ऑलिम्पिक संपलं की खासगी फ्लॅट म्हणून द्यायच्या होत्या. मग चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंना ठेवायचं कुठे? हायडेलबर्गच्या विद्यापीठाने दारं उघडली, आणि जवळपास हजार खेळाडू तिथे जमले, तेही मुख्य ऑलिम्पिकच्या आधीच. मार्क स्पिट्झची सात सुवर्णपदकं जगाला पाठ झाली. त्याच वर्षी आपल्या माणसाने मारलेली मजल आपल्यालाच कळायला पन्नास वर्षं आणि एक सिनेमा लागला.

सिनेमावर माझा राग नाही, पण असल्या गोष्टींत आपल्याला दोनच प्रसंग आवडतात. एक गोळ्यांचा, एक पदकाचा. पेटकर लष्कराच्या ईएमई विभागात जवान होते, नावाजलेले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये त्यांना नऊ गोळ्या लागल्या, एक मणक्यात कायमची राहिली. इथपर्यंत आपण श्वास रोखून ऐकतो, आणि मग एकदम टाळ्या वाजवायला हायडेलबर्गला पोचतो. मधली सात वर्षं कुठे गेली? माझं सगळं लक्ष त्या सात वर्षांवर आहे.

त्यासाठी आणखी थोडं मागे जावं लागेल, आणि तो धागा तुझ्या जर्मनीतच सापडतो. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर, ब्रेस्लाऊमधले नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ. नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये देश सोडून इंग्लंडला गेले. १९४४ मध्ये तिथल्या स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात मणक्याला मार लागलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. तोवर अशा सैनिकांना प्लॅस्टरमध्ये पडू द्यायचे. पाठीला जखमा व्हायच्या, मूत्रमार्गात संसर्ग व्हायचा आणि माणूस जायचा. सगळे धरूनच चालायचे की हा आता थोड्या दिवसांचा सोबती. गुटमननी काय केलं? दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. बस, इथून सुरुवात. यात शौर्य कुठलं गं? रात्री दोन वाजता उठून कूस बदलणारी नर्स कुणाच्या सिनेमात असते? पण ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. माणसं जगायला लागली, मग त्यांना अंथरुणातून उठवायचं, मग कामाला लावायचं, मग खेळायला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तिरंदाजीच्या स्पर्धा भरवल्या. स्पर्धक सोळा. त्याच खेळांचं हे हायडेलबर्गपर्यंत आलेलं रूप. ज्या देशातून पळावं लागलं तिथेच आपले खेळाडू घेऊन परत जाताना त्या म्हाताऱ्याला काय वाटलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.

पेटकरांच्या बाबतीतही मधली माणसं अशीच. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात प्रदीर्घ उपचार. तिथल्या फिजिओथेरपीत कुणीतरी सुचवलं, पोहून बघा. पाण्यात अंगाचा भार पाणीच पेलतं, खुर्ची काठावर राहते. लुळे पाय मात्र मागे ओढ देतात, ती सगळी कसर खांद्यांनी भरून काढायची. बॉक्सरचे खांदे तिथे कामी आले असणार. पोहणंच नाही, हा माणूस १९६८ ला तेल अवीवच्या खेळांत टेबल टेनिसही खेळून आला! परदेशी जायच्या खर्चाला हातभार लावला क्रिकेटवाल्या विजय मर्चंट यांनी. क्रिकेट थांबल्यावर मर्चंटनी अपंगांच्या संस्थांसाठी खूप काम केलं. आणि पेटकरांची रोजची भाकरी? ती पुण्याच्या टेल्कोतल्या नोकरीची. नर्स, फिजिओ, तिकिटाचे पैसे, महिन्याचा पगार. जिद्द पेटकरांचीच, त्यात वाद नाही. पण जिद्द असलेली आणि हे चार आधार न मिळालेली किती माणसं खाटेवरच संपली असतील, त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार?

सरकारी कौतुकाचं तर विचारूच नकोस. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९७५ ला मिळाला, पण पद्मश्री थेट २०१८ मध्ये आणि अर्जुन २०२५ च्या जानेवारीत. तोवर त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

मधल्या आधाराची हीच गोष्ट आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूकांचीही. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मी तुला कधीची वाचायला सांगतेय. ऐन सोळा-सतराव्या वर्षी पाय गेले. आयुष्य संपलं असं वाटत असताना बाबूकाका दिवाण नावाचे गृहस्थ भेटले. स्वतः खुर्चीवर, आणि तरी धंदा सांभाळणारे. त्यांच्याकडे बघून नसीमादीदी उठल्या, अबकारी खात्यात नोकरी केली आणि पुढे ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ उभी केली. भाषणं देत फिरल्या असत्या तरी लोकांनी डोळे पुसले असते. त्यांनी वसतिगृह काढलं, शाळा काढली, हातांना काम दिलं. माझ्या लेखी मोठेपण ते.

आता बरं चाललंय, असंही म्हणायला हवं. पेटकरांनंतर दुसरं पॅरालिम्पिक सुवर्ण यायला २००४ उजाडलं, देवेंद्र झाझरियाचा भाला. आणि २०२४ ला पॅरिसमध्ये एकदम एकोणतीस पदकं! त्यात एक रौप्यपदक आटपाडीकडच्या सचिन खिलारीचं, गोळाफेक, १६.३२ मीटर. म्हणजे पुन्हा तुमची सांगलीच. सासूबाईंना सांग, खूश होतील.

आमच्याकडे मात्र पोहण्याच्या तलावाच्या दारात आत्ताआत्तापर्यंत पायऱ्याच होत्या. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, सार्वजनिक जागी त्यांना जाता आलं पाहिजे असं त्यात लिहिलंय. आम्ही चार म्हाताऱ्यांनी अर्ज केला. साहेब म्हणाले, “खुर्चीवरून इथे येतंय कोण?” पायऱ्या असल्यावर येणार कसं कोण, हे त्यांना समजावण्यात एक उन्हाळा गेला. शेवटी रॅम्प झाला एकदाचा. सध्या त्याच्या तोंडाशी लोक स्कूटर लावतात. त्यांच्याशी रोज सकाळी भांडण चालू आहे, आणि माझा आवाज तुला माहीत आहेच.

बाकी क्षेम. पुढच्या वेळी केकचे फोटो कमी पाठव.

तुझी,
मंदा