मानेवरचा मळ



माझा भाचा अकरा वर्षांचा, वजन ५८ किलो. डहाणूत शाळेला जातो. त्याच्या मानेवर मागून काळा, जाडसर पट्टा दिसायला लागला. बाईंनी वर्गासमोर सांगितलं, "मळ आहे, घरी घासत जा." बहीण वर्षभर घासत राहिली, कधीकधी रक्त निघेपर्यंत. 'अस्वच्छ' हा शब्द आमच्या घरात कुठं लागतो, ते तुम्हाला सांगायला नको.

तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत कातडी अशी काळवंडते. रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला शुगर?" आईला आहे, आजीला होती. "मग खानदानीच आहे हे."

खानदानी! आमच्या खानदानाची इस्टेट काय? आजी तलासरीकडे गवत कापायची, पुढे डहाणूत चिकूच्या वाडीत मजुरीला. आई पोटात असतानाही शेवटच्या दिवसापर्यंत कामावर, आणि खायला नाचणीची पेज.

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या हलक्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. उपाशी गर्भ साठवायला शिकतो. त्याच शरीराला पुढे पाच रुपयांची पाकिटं आणि बाटलीतलं रंगीत गोड पाणी मिळालं, की ते साठवतच राहतं. रक्तातून जे येतं ते येतंच, त्यासोबत आजीची भूकही येते. आणि ती भूक मजुरीच्या दरातून आली होती, देवाकडून नाही. जन्मावर सगळं ढकलणं आपण जातीबाबत नाकारलं. दवाखान्यात मात्र मान डोलावून घरी येतो.

सरकारी नोंदीत तलासरीचं हडकुळं पोर कुपोषित, आणि माझा भाचा खात्यापित्या घरचा. मला दोघं एकाच पेजेवरची वाटतात. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बाईला एक वेळचं चौरस जेवण मिळतं. त्याला खैरात म्हणणारे आपल्यातही आहेत. त्या ताटावर पुढच्या पिढीची साखर ठरते, हे त्यांना कोण सांगणार?

गेल्या आठवड्यात शाळेत जाऊन बाईंना भेटलो. भांडायच्याच तयारीने गेलो होतो, खोटं कशाला बोलू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, अशा मानेची आणखी दोन पोरं आहेत माझ्या वर्गात."